आधी लिही, मग हात लाव

माझ्या क्लासमधल्या मुली आत स्पर्धेला बसल्या की मी बाहेर पॅसेजमध्ये असते, आणि माझ्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालत असतं. मला ते कळत नाही, मुलींना कळतं. परवा एकीनं दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "मॅमना काही मेडिकल प्रॉब्लेम आहे का गं?" दुसरी म्हणाली, "टेन्शन आलंय त्यांना, दुसरं काय." पोरीचं बरोबर होतं. मला टेन्शनच आलेलं असतं. पण ते माझं एकटीचं नाही, मला ते माझ्या बाईंकडून मिळालंय. खेळ त्यांनी दिला तसा हा पोटातला गोळाही त्यांनीच दिला.

बाई म्हणजे कसब्यातल्या बुद्धिबळाच्या बाई. त्यांना नाव होतं, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. आळीत त्या सगळ्यांच्या बाईच. एका सरकारी कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होत्या. रिटायर झाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तांबट आळीतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत सहा पट मांडून बसल्या. दारावर स्वतः रंगवलेली पाटी होती : "येथे मुलींना बुद्धिबळ शिकवले जाते. हुशार करून मिळत नाही. त्यासाठी घरी प्रयत्न करावेत."

खालच्या मजल्यावर तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचं दुकान. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातोडे चालू. नवीन मुलगी आली की दहा मिनिटांत तिचं डोकं उठायचं. तिची आई म्हणायची, "अहो बाई, या आवाजात मुली विचार कसा करणार?" बाई म्हणायच्या, "या आवाजात केला तर कुठेही करतील." त्यात एक घोटाळा होता, पण तो कुणाच्याच लक्षात आला नव्हता. तो पुढे माझ्याच गळ्यात यायचा होता.

फक्त मुलींनाच का शिकवता, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "मुलगा हरला की त्याचे वडील मला शिकवायला येतात. तेवढा वेळ माझ्याकडे नाही."

बाई आम्हाला एरवी 'अगं-तुगं' करायच्या. चिडल्या की 'आपण' सुरू. सात वर्षांच्या पोरीलासुद्धा, "आपण आज वजीर घरी विसरून आलात वाटतं." त्यामुळे बाईंच्या तोंडून 'आपण' ऐकलं की आमच्या तोंडचं पाणी पळायचं. पुढे कॉलेजात एका प्राध्यापकांनी मला अगदी आदरानं "आपण बसा" म्हटलं, तर मी घाबरून उभीच राहिले.

आणि एक नियम होता. तो त्या क्लासचा कणा होता म्हणा, नाहीतर खोड म्हणा. चाल सुचली की आधी ती कागदावर लिहायची. पेन्सिल खाली ठेवायची. मग आत्ताच बाहेरून आल्यासारखं पटाकडे पुन्हा बघायचं. आणि मगच मोहऱ्याला हात लावायचा. "आधी लिही, मग हात लाव." हे वाक्य मी त्या खोलीत किती हजार वेळा ऐकलं असेल देव जाणे. कुणाचा हात आधी गेला तर त्या हातावर मारायच्या नाहीत, पटच उचलून घ्यायच्या. डाव संपला. रडा, ओरडा, काही उपयोग नाही.

"हाताला अक्कल नसते," त्या म्हणायच्या. "टायपिस्टला विचार. साहेबाचं वाक्य कानात शिरायच्या आत बोटं ते छापून मोकळी होतात. कचेरीत ते चालतं. इथे मोहरा शिवला की खेळावाच लागतो. मग म्हणायचं, अगंबाई, माझं लक्षच नव्हतं."

एकदा एका मुलीचे वडील मोबाइल पुढे धरून आले. कंप्युटरवाले होते, नियम वाचून आले होते. म्हणाले, "बाई, हे आता चालत नाही. स्पर्धेत चाल आधी खेळायची आणि मग लिहायची. आधी लिहिणं नियमाबाहेर आहे."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"सगळ्या जगात."

"हो का. कसब्यात कळवलेलं नाही अजून."

गृहस्थ गेले. बाईंनी दार लावलं, पण चेहरा उतरला होता. आम्हा मोठ्या मुलींना जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "ते म्हणतात ते खरं आहे. मला माहीत आहे. इथे लिहायचं, सवय लागायला. स्पर्धेत मात्र आधी लिहायचं नाही. तिथे मनात लिहायचं."

मी विचारलं, "मनात कसं लिहायचं, बाई?"

त्यांचं बोट मांडीवर, साडीच्या निऱ्यांवर चालत होतं. ते कायमच चालायचं. टायपिंगची सवय असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. एकीनं एकदा धिटाईनं विचारलंही होतं, "बाई, तुम्ही मांडीवर काय लिहिता?" तर बाईंनी हात पदराखाली घेतला आणि तिला तीन कोडी जास्त घातली. त्यानंतर आम्ही कानाला खडा लावला.

आता त्यांच्या ओपनिंगबद्दल. डाव सुरू करायच्या पुस्तकभर तऱ्हा आहेत, आणि बाई काळ्या मोहऱ्यांसाठी एकच शिकवायच्या. समोरचीनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपण वजिराच्या उंटापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं. बस. धाडधाड हल्ला नाही, काही नाही. आधी पाया घाल, मग भिंत. दुसऱ्या क्लासच्या मुली आमच्या या ओपनिंगला पिठलं-भात म्हणायच्या. पट मांडतानाच विचारायच्या, "आज पण पिठलं-भातच का?" आम्हाला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी मी बाईंना म्हटलं, दुसरं काहीतरी शिकवा ना, सगळ्या पुण्याला माहीत आहे आपण काय खेळणार ते.

"असू दे की माहीत," बाई म्हणाल्या. "आपला जिनाही सगळ्या आळीला माहीत आहे. पण अंधारात न धडपडता आपणच उतरतो ना? आणि पिठलं-भात खाऊन कुणी मेल्याचं ऐकलंयस का?"

इतकं सगळं ठाम बोलणारी ही बाई स्पर्धेच्या दिवशी मात्र पार गळून जायची. आमचा डाव चालू असताना त्या आत कधी यायच्या नाहीत. दारातून डोकावायच्यासुद्धा नाहीत. बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मेथी निवडत बसायच्या. मोठ्या स्पर्धेला दोन जुड्या, छोट्या स्पर्धेला एक. आपण बाहेर आलो की "काय झालं?" असं विचारायच्या नाहीत. हात पुढे करायच्या, त्या हातावर स्कोअरशीट ठेवायची. दोघींच्या सगळ्या चाली लिहिलेला तो कागद त्या पहिल्या चालीपासून वाचायच्या. जिंकलो की हरलो हे त्यांना शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावरच कळायचं. आणि त्या तिथे पोचेपर्यंत आपण समोर उभं. डावापेक्षा त्या पाच मिनिटांचीच मला जास्त भीती वाटायची.

मी बारावीला होते तेव्हाची गोष्ट. महिला गटाची राज्य निवड स्पर्धा पुण्यातच होती. पहिल्या चौघी महाराष्ट्राच्या संघात. बाबा हडपसरला एका कारखान्यात होते, रोज स्वारगेटहून बस बदलून जायचे. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. त्यांनी जेवताना शांतपणे सांगितलं, "पहिल्या चौघींत आलीस तर बारावीनंतरचं एक वर्ष तुझं. क्लास नाही, सीईटी नाही, नुसतं खेळ. नाही आलीस तर पट माळ्यावर. नंतर रडारड नको." आई मध्ये पडेल असं वाटलं होतं. तिनं मला आणखी एक पोळी वाढली.

स्पर्धा स्वारगेटजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या भिंतीला लावून त्यांच्यावर पंचांच्या फायली ठेवलेल्या. सगळा हॉल एसी. दारं बंद, पायाखाली जाड गालिचा. आणि शांतता! तुम्हाला सांगते, इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. दहा वर्षं मी हातोड्यांच्या आवाजात विचार करायला शिकले होते. त्या हॉलमध्ये मला माझं स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. समोरचीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं तरी मी दचकायचे. बाईंच्या शिकवणीतला घोटाळा तो हाच. आवाजाची सवय लागली होती, शांततेची कुणी लावलीच नव्हती.

आणि घाबरलं की माणूस काय करतं? जुन्या सवयीला घट्ट धरून ठेवतं. तिसऱ्या फेरीत माझ्या हातानं चाल आधी लिहिली आणि मला कळलंही नाही. समोरच्या बाई सोलापूरच्या, वयानं मोठ्या, सभ्य. त्यांनी पंचांना नुसती खूण केली. पंच माझ्याशेजारी वाकून म्हणाले, "ताई, चाल आधी खेळायची. ही ताकीद समजा. पुन्हा झालं तर दोन मिनिटं समोरच्या खेळाडूला. त्यापुढे झालं तर डाव गेला." त्यांनी त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे एक फुली मारली.

ती फेरी मी जिंकले, पण फुलीची गोष्ट बाईंना सांगितली नाही. सांगायचं धैर्यच झालं नाही. त्यांच्याच शिकवणीपायी ताकीद मिळाली हे कुठल्या तोंडानं सांगणार? स्कोअरशीट हातात दिली, त्यांनी वाचली, "ठीक" म्हणाल्या. त्यांची शाबासकी एवढीच असायची. त्या दिवसापासून रोज सकाळी कार्यालयाचा जिना चढताना दोन गोष्टी सोबत असायच्या. हरायची भीती एकीकडे, आणि माझ्याच हाताची भीती दुसरीकडे.

कशीबशी शेवटच्या, नवव्या फेरीपर्यंत पोचले. मला बरोबरी पुरत होती. बरोबरी झाली तर मी चौथी. हरले तर सहावी-सातवी, आणि पट माळ्यावर. समोर हडपसरच्या मोठ्या अकॅडमीतली मुलगी, माझ्याच वयाची. तिला जिंकणंच भाग होतं. तिचे सर लॅपटॉपवर आमच्या सगळ्यांचे डाव घेऊन बसायचे. पांढरी मोहरी तिच्याकडे, काळी माझ्याकडे.

बाई पॅसेजमध्ये होत्या. त्या दिवशी मेथीच्या तीन जुड्या आणल्या होत्या. मी आत जाताना म्हणाल्या, "पिठलं-भात?"

मी म्हटलं, "पिठलं-भात."

"जा."

तिनं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. मी वजिराच्या उंटापुढचं एक घर. ती गालात हसली. पुढच्या दहा-बारा चाली तिनं इतक्या भराभर केल्या की विचार करतेय असं वाटेना, पाठ केलेलं म्हणून दाखवतेय असंच वाटलं. माझं ओपनिंग तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. घड्याळात तिच्यापेक्षा माझी पंचवीस मिनिटं कमी.

चौदाव्या चालीला मला पटाच्या मधोमध तिचं एक प्यादं दिसलं. त्याला राखायला तिचा एकटा घोडा. माझ्याकडून त्यावर घोडा आणि वजीर दोघं टपलेले. फुकटचं प्यादं! इतक्या वेळानं पहिल्यांदा काहीतरी चांगलं दिसलं, आणि मला एकदम हायसं वाटलं. घोड्यानं प्यादं घ्यायचं. बस.

मी पेन खाली ठेवलं, पटाकडे पुन्हा बघितलं आणि पुढचं सगळं दिसलं. मी घोडा टाकला की तिचा घोडा तो खाणार. मी वजिरानं तिचा घोडा खाल्ला की तिचा मधला उंट बाजूला सरकून माझ्या राजाला शह देणार, आणि उंट सरकला की मागून तिच्या वजिराला माझा वजीर मोकळाच. शह सोडवेपर्यंत वजीर गेला. हा सापळा दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत असतो. बाईंनी मला तो शंभरदा दाखवला होता, आणि मी त्यात पाय घालायला निघाले होते.

तेवढ्यात तिनं हात वर केला. "सर, हिनं आधी लिहिलंय. बघा ना. मूव्ह खेळलीच नाहीये."

मी कागदाकडे बघितलं. चौदाव्या ओळीत माझ्याच अक्षरात घोडा. पेन खाली ठेवलं म्हणजे आधी उचललेलं असणार, एवढंही मला कळलं नव्हतं.

पंच आले. घड्याळ थांबवलं. आजूबाजूच्या चार टेबलांवरच्या माना वळल्या. "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच रडू आलं. तिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली. "आता शेवटचं. पुन्हा हे झालं तर मला डाव तिला द्यावा लागेल. कळलं ना?"

मी मान हलवली. घोडा खोडला. आधी उंट राजाच्या आड घेतला, म्हणजे तिचा शहच बंद. मग चाल लिहिली. इतकं वेडंवाकडं आलं की ते अक्षर आजही मला माझं वाटत नाही.

पुढचे अडीच तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. चाल लिहिल्याशिवाय मला दिसायचं नाही, आणि लिहिलं तर डाव गेला. पेन मी टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवलं, मुद्दाम उठून घ्यावं लागेल असं. उजवा हात मांडीवर दाबून धरला, वर जाऊ नये म्हणून. घड्याळातली माझी सगळी मिनिटं संपली. आता प्रत्येक चालीला मिळणाऱ्या तीस सेकंदांवरच जगायचं होतं. पटावर तिचा राजा, माझा राजा आणि तिचं एक जास्तीचं प्यादं. राजाला जायला दोनच घरं होती. एका घरात गेलं तर बरोबरी, दुसऱ्यात गेलं तर ते प्यादं वजीर होणार आणि मी घरी जाणार.

वीस सेकंद. माझा हात उजव्या बाजूच्या घराकडे निघाला. मी तो मागे ओढला आणि मांडीवर दाबला. आणि मग माझं बोट चालायला लागलं. ओढणीखाली, मांडीवर, आपोआप. उजवीकडचं घर लिहिलं. पेन खाली ठेवावं तसं बोट थांबलं. पटाकडे बघितलं. चुकलं, हे चुकलं! डावीकडचं घर लिहिलं. थांबले. बघितलं. बरोबर. राजा डावीकडे टाकला आणि घड्याळ दाबलं तेव्हा चार सेकंद उरले होते.

त्या क्षणी मला बाईंचं बोट आठवलं. टायपिंग कसलं डोंबलाचं! त्या इतकी वर्षं मांडीवर चाली लिहीत होत्या.

नऊ चालींनंतर तिनं हात पुढे केला. बरोबरी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. मी उठले आणि पळत बाहेर आले. आधी बाईंना सांगायचं होतं, मग बाबांना.

पॅसेजमध्ये खुर्ची होती. खुर्चीवर मेथी होती. एक जुडी निवडलेली, दुसरी अर्धी, तिसरी तशीच बांधलेली. बाई नव्हत्या.

कुणाची तरी आई तिथे उभी होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "त्या केव्हाच गेल्या की. आतून एक जण सांगत आले, तुमची मुलगी आधी लिहिताना दुसऱ्यांदा पकडली गेली म्हणून. उठल्या आणि चालायलाच लागल्या. मी हाका मारल्या त्यांना."

फोन त्या वापरायच्या नाहीत. मी मेथी ओढणीत गुंडाळली आणि खाली धावले. स्वारगेटचा तो चौक, संध्याकाळची पाच-साडेपाचची गर्दी, रिक्षावाले अंगावर येतायत, आणि मी मेथीचं गाठोडं छातीशी धरून प्रत्येक अंबाड्यामागे धावतेय. मनात नाही नाही ते विचार. रस्ता ओलांडताना त्यांचं लक्ष नसलं तर? चक्कर आली असली तर?

कसब्याकडे जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर बाई बाकावर बसलेल्या दिसल्या. जीव भांड्यात पडला. समोर बस येऊन थांबत होत्या, जात होत्या, आणि बाईंचं लक्ष नव्हतं. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हात दाखवून अवलक्षण," त्या म्हणाल्या. "नियम बदललाय हे माहीत असून मी तेच शिकवत राहिले. तुझं वर्ष घालवलं मी. तुझ्या वडिलांना मी स्वतः येऊन सांगते."

"बाई, बरोबरी झाली."

"आपण माझं सांत्वन करू नका."

"खरंच बाई. चौथी आले मी."

त्यांनी मान वळवली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग नेहमीसारखा हात पुढे केला. मी स्कोअरशीट ठेवली.

त्यांनी ती पहिल्या चालीपासून वाचायला घेतली. माझा शब्द पुरेसा नव्हताच. डावा हात कागदावर, उजव्या हाताचं बोट मांडीवर. आता ते काय करतंय हे मला वाचता येत होतं. प्यादं एक घर. प्यादं दोन घरं. घोडा. चौदाव्या चालीला बोट थांबलं. माझा खोडलेला घोडा, आणि त्याच्याशेजारी वेड्यावाकड्या अक्षरात उंट. तिथे त्या किती वेळ थांबल्या कोण जाणे. एक बस आली, गेली. कंडक्टरनं "आजी, यायचंय का?" म्हणून ओरडून विचारलं. बाईंनी त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं.

मग त्यांनी पर्स उघडली. त्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक घडी घातलेला कागद असायचा, आम्ही सगळ्यांनी तो पाहिलेला होता. डॉक्टरांची चिठ्ठी असेल असं वाटायचं. त्यांनी ती घडी सावकाश उलगडली. कागद घड्यांवर विरलेला. स्कोअरशीटच होती. जुनी, पिवळी पडलेली, वर त्यांचं लाइटच्या बिलावरचं नाव. काळी मोहरी. पहिलीच चाल, वजिराच्या उंटापुढचं प्यादं एक घर. मी वाचत गेले. माझ्याच डावाच्या वाटेनं तो डाव चालला होता. चौदाव्या चालीला पांढऱ्याची चाल लिहिलेली होती. काळ्याची जागा कोरी. त्यापुढे काहीच नाही.

"निवड स्पर्धाच होती," बाई म्हणाल्या. "शेवटची फेरी. मलाही बरोबरी पुरत होती. हेच प्यादं, हाच घोडा. तेव्हा आधी लिहिलेलं चालायचं गं, पण मी लिहिलं नाही. हात गेला. घोडा उचलला, प्यादं घेतलं, घड्याळ दाबलं, आणि लिहायला पेन घेतलं तेव्हा दिसलं. ते मी लिहिलंच नाही. तशीच उठले."

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, बाईंना दुसरं ओपनिंग येत नाही म्हणून त्या एकच शिकवतात. ज्या जिन्यावरून त्या पडल्या होत्या, तोच त्यांनी आम्हाला एकेक पायरी दाखवत रोज उतरायला लावला होता. मला हुंदका आला आणि मी तो आवरलाही नाही.

"रडू नकोस, मेथी ओली होईल," बाई म्हणाल्या. मग दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या नव्या मुलीनं विचारावं तसं विचारलं, "काय खेळायला हवं होतं मी?"

मी म्हणणार होते, "उंट, बाई." तोंड उघडलंही होतं.

बाईंनी बोट वर करून मला गप्प केलं, पर्समधून पेन काढलं आणि तो विरलेला कागद चौदाव्या चालीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरला.

"बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आधी लिही."